ग्रीक कोण, हे कोणी ठरवलं?

आजच्या तुर्कस्तानच्या मधोमध कापादोकिया नावाचा प्रदेश आहे. तिथल्या गेल्व्हेरी गावात शंभर वर्षांपूर्वी ख्रिस्ती लोकांची मोठी वस्ती होती. ही माणसं घरीदारी तुर्की बोलायची. सौदे तुर्कीत, भांडणं तुर्कीत, पोरांना झोपवताना म्हणायची गाणीही तुर्कीत. ग्रीक त्यांच्यातल्या बहुतेकांना धड येत नव्हती. १९२४ साली त्यांना गाव सोडावं लागलं. जाताना त्यांनी आपल्या चर्चमधले संत ग्रेगरीचे अवशेष सोबत घेतले आणि उत्तर ग्रीसमध्ये काव्हाला शहराजवळ नवं गाव वसवलं. नाव ठेवलं नेआ कार्व्हाली, म्हणजे नवं गेल्व्हेरी. ते अवशेष आजही तिथे आहेत. पिठीसाखरेत घोळवलेल्या बदामाच्या बिस्किटांसाठी, कुराबिएदेससाठी, हे गाव आता ग्रीसभर प्रसिद्ध आहे. मागे राहिलेल्या चर्चची मशीद झाली.

त्याच सुमारास उलट्या दिशेने क्रीट बेटावरचे मुसलमान निघाले. त्यांची मातृभाषा ग्रीक. तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर आयवालिक, बोद्रुम अशा गावांत ते उतरले तेव्हा नव्या शेजाऱ्यांशी चार वाक्यं बोलायचीही पंचाईत. पण सरकारी कागदात ते ठरले तुर्क, आणि गेल्व्हेरीचे तुर्की बोलणारे ठरले ग्रीक.

यात कुठल्या कारकुनाची चूक नव्हती. ३० जानेवारी १९२३ रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात लोकसंख्येच्या अदलाबदलीचा करार झाला. त्याआधीच्या वर्षी आशिया मायनरमध्ये, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या आशियातल्या भागात, ग्रीक सैन्याचा पुरता पराभव झाला होता, स्मिर्ना (आजचं इझमीर) जळून खाक झालं होतं आणि लाखो ख्रिस्ती लोक मिळेल त्या बोटीने पळाले होते. करारात कोणी कुठे जायचं ते एका ओळीत सांगितलं होतं. तुर्कस्तानातले ग्रीक ऑर्थोडॉक्स पंथाचे लोक ग्रीसमध्ये, ग्रीसमधले मुसलमान तुर्कस्तानात. भाषा कुठली, तुम्ही स्वतःला काय समजता, जायचंय की राहायचंय, हे कोणी विचारलं नाही. अदलाबदल सक्तीची होती. आधी पळून आलेले धरून सुमारे १२ लाख ख्रिस्ती ग्रीसमध्ये आले आणि साडेतीन लाखांच्या वर मुसलमान तुर्कस्तानात गेले. १९२८च्या जनगणनेत ग्रीसची लोकसंख्या ६२ लाख भरली. म्हणजे दर पाच माणसांमागे एक निर्वासित.

ग्रीक ही भाषा बोलणारे ते ग्रीक, इतका साधा हिशेब आपण मनात धरतो. तो इथे लागू का पडत नाही, हे समजायला उस्मानी (ऑटोमन) साम्राज्याचा कारभार बघावा लागतो. सुलतानाच्या राज्यात प्रजेची विभागणी धर्मावरून होती आणि प्रत्येक धर्मसमाजाला मिल्लेत म्हणत. सगळे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती 'रूम' मिल्लेतमध्ये मोडत आणि त्यांचा प्रमुख म्हणजे कॉन्स्टँटिनोपलचा (आजच्या इस्तंबूलचा) पॅट्रिआर्क, धर्मगुरूंचा धर्मगुरू. लग्नं, वारसाहक्क, शाळा हे सगळं चर्चकडे. या एका छत्राखाली ग्रीक बोलणारे होते, तसेच बल्गेरियन, सर्ब, अल्बेनियन, अरबी आणि तुर्की बोलणारेही होते. पुढे १९व्या शतकात बल्गेरियन लोकांनी आपलं चर्च वेगळं काढलं (१८७०), आणि मग मॅसिडोनियातल्या एकाच गावात 'तू कुठल्या चर्चचा' या प्रश्नावरून खून पडायला लागले. तो प्रश्न वरून धर्माचा दिसायचा, पण आतून विचारलेलं असायचं की तू कुठल्या देशाचा.

रूम म्हणजे रोमन. हे नाव तुर्कांनी चिकटवलेलं नव्हतं, लोक स्वतःच वापरत होते. कॉन्स्टँटिनोपलहून चालणाऱ्या ज्या पूर्व रोमन राज्याला आपण बायझंटाइन साम्राज्य म्हणतो, ते स्वतःला शेवटपर्यंत रोमनच म्हणवत होतं. त्यांच्या लेखी 'हेलेनेस' म्हणजे जुने मूर्तिपूजक, झ्यूस आणि अथेनाचे भक्त. चांगला ख्रिस्ती माणूस स्वतःला तसं कशाला म्हणवून घेईल? त्यामुळे शेतकरी, कोळी, मेंढपाळ हे सगळे 'रोमिई', रोमन. पीटर खारानिस नावाचे बायझंटाइन इतिहासाचे नामवंत अभ्यासक लेम्नोस बेटावर जन्मले होते. १९१२ साली ग्रीक नौदलाने ते बेट घेतलं तेव्हाची एक आठवण ते सांगत. हेलेनेस दिसतात तरी कसे, ते बघायला गावातली पोरं धावत चौकात गेली. एका सैनिकाने विचारलं, काय बघताय? हेलेनेस बघतोय, पोरं म्हणाली. मग तुम्ही कोण, हेलेनेस नाही? पोरांनी सांगितलं, आम्ही रोमन. तेव्हा अथेन्समध्ये ग्रीक राज्य उभं राहून ऐंशी वर्षं होत आली होती.

आता हे राज्य. १८२१ साली उस्मानी सत्तेविरुद्ध उठाव झाला. त्याच वर्षी ईस्टरच्या दिवशी पॅट्रिआर्क पाचवे ग्रेगरी यांना त्यांच्याच वाड्याच्या दरवाज्यात फाशी देण्यात आलं. इस्तंबूलच्या फेनेर भागात तो दरवाजा तेव्हापासून बंद आहे. येणारे-जाणारे बाजूच्या दारातून जातात. बंडखोरांनी १८२२ साली एपिदाव्ह्रोसजवळ पहिली राज्यघटना लिहिली. ग्रीक कोण, याची तिच्यातली व्याख्या अशी: या राज्यातले जे मूळ रहिवासी ख्रिस्तावर विश्वास ठेवतात, ते ग्रीक. भाषेचा उल्लेख नाही, आणि तो घालून चाललंही नसतं. हिद्रा, स्पेत्सेस या बेटांवरचे दर्यावर्दी, ज्यांच्या जहाजांवर उठावाचा अर्धा भार होता, ते घरी अर्व्हानितिका म्हणजे अल्बेनियनची एक बोली बोलत. नौदलाचे सेनानी मियाऊलिस त्यांतलेच.

नव्या राज्याला युरोपचा पाठिंबा हवा होता, आणि युरोपला सॉक्रेटिसचे नातू हवे होते. इंग्रज कवी लॉर्ड बायरन ज्यांच्यासाठी मिसोलाँघीला जाऊन तापाने मेला, ते ग्रीक त्याने पुस्तकांतून ओळखलेले होते. महासत्तांनी राजा म्हणून बव्हेरियाचा सतरा वर्षांचा ओटो पाठवला. तो कॅथलिक, हेही एक गमतीचंच. १८३४ साली अथेन्स राजधानी झाली तेव्हा ते चार-दोन हजार घरांचंही गाव नव्हतं, पण त्याच्या डोक्यावर अक्रोपोलिस होती. त्या टेकडीवर तेव्हा पार्थेनॉनच्या पोटात एक मशीद होती, मध्ययुगातला एक उंच बुरूज होता, सैनिकांची घरं होती. पुढच्या चाळीस वर्षांत हे सगळं खरवडून काढलं गेलं. आज पर्यटक ज्याला प्राचीन ग्रीस म्हणून डोळे भरून बघतो, ती मोकळी, पांढरी टेकडी १९व्या शतकाने तयार केलेली आहे. मधल्या दीड-दोन हजार वर्षांचा पुरावा पुसल्यावर प्राचीन काळ थेट शेजारी येऊन बसतो.

हाच उद्योग भाषेतही झाला, आणि तो जास्त महागात पडला.

ग्रीक भाषेची अखंड परंपरा थक्क करणारी आहे. क्रीट आणि पेलोपोनेसमध्ये सापडलेल्या मातीच्या पाट्यांवरची 'लिनिअर बी' लिपी मायकेल व्हेंट्रिस या तरुण वास्तुविशारदाने १९५२ साली उलगडली तेव्हा कळलं की त्या पाट्यांवर ग्रीकच लिहिलेलं आहे, साधारण ३,४०० वर्षांपूर्वीचं. बायबलचा नवा करार मुळात ग्रीकमध्येच लिहिला गेला. चर्चमध्ये तो आजही त्याच रूपात वाचला जातो. ज्ञानेश्वरी ऐकताना आपल्याला जसं ओळीमागून ओळ कळल्यासारखी वाटते आणि मध्येच एखाद्या शब्दाला अडखळायला होतं, तसंच काहीसं तिथे बसलेल्या माणसाचं होतं.

पण रस्त्यावरची ग्रीक काळाबरोबर बदलली होती. तिच्यात तुर्की, इटालियन, स्लाव्ह शब्द आले होते, व्याकरण सुटसुटीत झालं होतं. पॅरिसमध्ये राहणारे विद्वान अदामान्तिओस कोराइस यांनी सुचवलं की ही भाषा थोडी धुऊन-पुसून घ्यावी, परके शब्द काढावेत, जुनी रूपं परत आणावीत. त्यातून काथारेव्हुसा नावाची 'शुद्ध' ग्रीक तयार झाली आणि ती शाळा, कोर्ट, सरकार, वर्तमानपत्र सगळीकडे बसली. लोक बोलायचे ती दिमोतिकी. पाव मागताना माणूस 'प्सोमी' म्हणे, पण बेकरीच्या पाटीवर 'आर्तोस'पासून बनलेला प्राचीन शब्द. तो पाटीवर अजूनही आहे. घरी मासा 'प्सारी', पुस्तकात 'इख्थिस'. शिक्षण म्हणजे निम्मी शक्ती आपलीच भाषा परक्यासारखी शिकण्यात घालवणं.

या वादाचा भडका १९०१ साली उडाला, आणि त्याचा एक धागा मुंबईला जोडलेला आहे. अलेक्झांद्रोस पालिस हा अथेन्सच्या बंदरात, पिरेअसमध्ये, जन्मलेला माणूस रॅली ब्रदर्स या ग्रीक व्यापारी कंपनीत नोकरीला होता. नोकरीनिमित्त तो काही वर्षं मुंबईत होता. त्याची मुलगी मारिएता, जी पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ झाली, ती १८८२ साली मुंबईतच जन्मली. नंतर तो लिव्हरपूलला स्थायिक झाला. दिवसा कंपनीची कामं आणि उरलेल्या वेळात बोलीभाषेचा हट्ट, असा त्याचा खाक्या. त्याने नव्या करारातलं मॅथ्यूचं शुभवर्तमान बोली ग्रीकमध्ये आणलं आणि अथेन्सच्या 'अक्रोपोलिस' या वर्तमानपत्राने ते क्रमशः छापायला घेतलं. विद्यापीठातले विद्यार्थी चवताळून रस्त्यावर उतरले. देवाचा शब्द हमालांच्या भाषेत आणता म्हणजे काय! गोळीबार झाला, आठ माणसं मेली, अथेन्सच्या धर्मगुरूंना पद सोडावं लागलं आणि सरकारही पडलं. धर्मग्रंथाचं अधिकृत भाषांतर चर्चच्या परवानगीशिवाय करता येणार नाही, हे कलम ग्रीसच्या राज्यघटनेत आजही आहे.

मला यात लक्षात राहतं ते हे, की मारामारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना भाषांतर कळत नव्हतं असं नाही. ते फार चांगलं कळत होतं, हीच अडचण होती. प्राचीन पूर्वजांशी असलेला दोर तुटेल ही भीती खरी होती. काथारेव्हुसा शेवटी गेली ती राजकारणामुळे. १९६७ ते १९७४ या काळातल्या लष्करी हुकूमशहांनी तिचा इतका उदो उदो केला की ते गेल्यावर तिला कोणी वाली उरला नाही. १९७६ साली दिमोतिकी सरकारी आणि शाळेची भाषा झाली. १९८२ साली अक्षरांवरची जुनी स्वरचिन्हंही काढून एकच ठेवलं.

पालिसची ती कंपनी आपल्याकडच्या शेतकऱ्याला नावाने माहीत असेल. कीटकनाशकांच्या बाटल्यांवरचं 'रॅलिस' ते हेच. रॅली घराणं खिओस बेटावरचं. १८२२ साली उस्मानी फौजांनी त्या बेटावर भयानक कत्तल केली. वाचलेली व्यापारी घराणी लंडन, मार्से, ओडेसा, अलेक्झांड्रिया अशी विखुरली आणि नात्यागोत्याच्या जोरावर त्यांनी धान्य, ताग, कापसाचा व्यापार पसरवला. लंडनहून ती कोलकात्याला आणि मग मुंबईला आली. रॅलिस इंडिया आता टाटा समूहात आहे. कोलकात्यात तर ग्रीक व्यापाऱ्यांची वस्ती त्याही आधीची. तिथल्या मुलांना शिकवायला १७८६ साली दिमित्रिओस गालानोस नावाचा अथेन्सचा तरुण आला, पण त्याचं मन संस्कृतात रमलं. तो काशीला गेला, पंडितांमध्ये राहिला, १८३३ साली तिथेच वारला. गीतेचा त्याने केलेला ग्रीक अनुवाद मागाहून अथेन्समध्ये छापला गेला. कालीघाटला ट्राम डेपोजवळचं ग्रीक चर्च अजून उभं आहे.

आपल्याकडे ग्रीकांसाठी जुना शब्द यवन. तो म्हटल्यावर कोणाला कार्ल्याची लेणी आठवतील. चैत्यगृहातल्या काही खांबांवर 'धेनुकाकटच्या यवनाने दिलेला खांब' असे लेख आहेत. देणगीदारांची नावं मात्र अस्सल इथली, सिंहध्वज वगैरे, आणि दान बौद्ध संघाला. हे ग्रीक होते, अर्धे ग्रीक होते की पश्चिमेकडून आलेल्या कोणालाही तेव्हा यवन म्हणत, यावर अभ्यासक अजून भांडतात. दोन हजार वर्षांपूर्वीही प्रश्न सोपा नव्हता, एवढंच.

निर्वासितांकडे परत येऊ. 'मायभूमीत' आलेल्या या १२ लाखांचं स्वागत कसं झालं? मूळचे लोक त्यांना 'तुर्काचं बी' म्हणत. 'दह्यात बाप्तिस्मा झालेले' ही आणखी एक शिवी, कारण ही मंडळी स्वयंपाकात दही फार वापरत. कागदावर ज्या धर्माने त्यांना ग्रीक ठरवलं होतं, त्याच धर्मावर शिंतोडा. अथेन्सच्या कडेला नेआ स्मिर्नी, नेआ इओनिया, नेआ फिलाडेल्फिया अशा 'नव्या' नावांच्या वस्त्या उभ्या राहिल्या. फुटबॉल बघणाऱ्यांना एईके आणि थेस्सालोनिकीचा पीएओके हे संघ माहीत असतात. दोन्ही नावांतला शेवटचा 'क' म्हणजे कॉन्स्टँटिनोपल, आणि बोधचिन्ह बायझंटाइन काळचा दुतोंडी गरुड. हे निर्वासितांनी काढलेले क्लब. पिरेअसच्या हॉटेलांत, गुत्त्यांत वाजणारं रेबेतिको संगीत, जे आज 'अस्सल ग्रीक' म्हणून जगभर विकलं जातं, तेही बऱ्याच अंशी याच लोकांनी सोबत आणलं.

करारातून वगळलेले लोकही होते. ग्रीसच्या ईशान्य टोकाला, पश्चिम थ्रेसमधले मुसलमान ग्रीसमध्येच राहिले, आजही आहेत. इस्तंबूलच्या लाखभर ग्रीकांनाही राहू दिलं. पण १९४२चा जाचक संपत्तिकर, सप्टेंबर १९५५ मधल्या एका रात्रीत फोडलेली त्यांची दुकानं आणि चर्च, १९६४ची हकालपट्टी, असं करत करत आज ते दोन-तीन हजारांवर आले आहेत. पॅट्रिआर्क मात्र अजून तिथेच बसतो. सध्याचे बार्थोलोम्यू १९९१ पासून त्या गादीवर आहेत, आणि त्यांच्या पूर्ण पदवीत 'नव्या रोमचे आर्चबिशप' हे शब्द अजून आहेत. अमेरिकेतलं आणि ऑस्ट्रेलियातलं ग्रीक चर्च त्यांच्याच अधिकाराखाली येतं, अथेन्सच्या नाही. न्यूयॉर्कचं अस्टोरिया किंवा मेलबर्नचं ओकली बघा. परदेशात चार ग्रीक कुटुंबं जमली की आधी चर्चची वर्गणी सुरू होते, मग त्याच्या तळघरात मुलांची ग्रीकची शाळा. तिसऱ्या पिढीची भाषा पातळ होते, ईस्टर मात्र चुकत नाही. मध्यरात्री चर्चमधले दिवे मालवतात, एका ज्योतीवरून मेणबत्त्या पेटत पेटत रस्त्यापर्यंत येतात, आणि ती ज्योत न विझवता घरी नेऊन तिच्या काजळीने दाराच्या चौकटीवर क्रूस काढायचा. मग लाल अंडी एकमेकांवर आपटायची, ज्याचं फुटणार नाही तो नशीबवान. देवावर फारसा विश्वास नसलेलेही हे करतात. ग्रीसमध्ये ओळखपत्रावरचा धर्माचा रकाना २००० साली काढला तेव्हा आर्चबिशप ख्रिस्तोदूलोस यांनी प्रचंड मोर्चे काढले. रकाना गेला तो गेलाच.

धर्माच्या चाळणीतून निसटलेली एक गोष्ट तुर्कस्तानात काळ्या समुद्राच्या काठी आहे. त्राब्झोनजवळच्या डोंगरी गावांत काही मुसलमान अजून रोमेइका बोलतात. ही ग्रीकची बोली आहे, आणि तिच्यात क्रियापदाचं एक प्राचीन रूप शिल्लक आहे जे अथेन्सच्या ग्रीकमधून कधीच गेलं. ते मुसलमान होते म्हणून १९२३ साली त्यांना हलवलं नाही. बोलणाऱ्यांपैकी बहुतेक स्वतःला तुर्कच म्हणवतात.

आजच्या ग्रीसमध्ये हा प्रश्न वेगळ्या चेहऱ्याने येतो. बास्केटबॉलपटू यान्निस आंतेतोकूंपो १९९४ साली अथेन्समध्ये जन्मला. आईवडील नायजेरियाचे. सेपोलिया भागात वाढला, भावाबरोबर रस्त्यावर घड्याळं आणि गॉगल विकले, ग्रीक बोलतच मोठा झाला. तरी अठरा वर्षांचा होईपर्यंत त्याला कुठल्याच देशाचं नागरिकत्व नव्हतं, कारण ग्रीसचा कायदा रक्ताचा होता. मेलबर्नमध्ये जन्मलेल्या आणि कधी ग्रीस न पाहिलेल्या नातवाला आजोबांच्या कागदांवर ते मागता येई, याला नाही. हा नियम सैल करणारा २०१०चा कायदा तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २०१३ साली घटनाबाह्य ठरवला. त्याच वर्षी यान्निसला मात्र, अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगच्या निवड फेरीच्या तोंडावर, घाईघाईने पासपोर्ट मिळाला. आडनाव 'आदेतोकुन्बो' होतं. ग्रीक लिपीतून परत रोमन लिपीत उतरताना त्याचं 'आंतेतोकूंपो' झालं आणि तेच जर्सीवर छापलं गेलं. २०१५च्या नव्या कायद्याने त्याच्यासारख्या मुलांसाठी वाट काढली. आईवडिलांचं ग्रीसमध्ये ठरावीक वर्षं कायदेशीर वास्तव्य हवं आणि मुलाचं नाव ग्रीक शाळेत पहिलीच्या पटावर हवं. २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकला ग्रीसचा ध्वज धरून पुढे चालणाऱ्या दोघांत यान्निस होता.